तिसऱ्या घराचं उत्तर

नावयादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती, आणि बुधवारी दुपारी, जेवणाचा डबा धुऊन होतो न होतो तोच, कंडक्टर येऊन उभा राहिला.

तसा तो आता कंडक्टर नव्हता. निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. पण चार मजले चढून आल्यावरही त्यानं दारातून अशा खणखणीत आवाजात "नावाचं टेबल कुठलं?" असं विचारलं, की खोलीतल्या पाचही जणांनी आपापली जागा थोडी सोडली. मागे कुणी उभं असेल तर त्याला पुढे सरकता यावं, तशी.

नावाचं टेबल खिडकीजवळ होतं. अठ्ठावीस वर्षं तिथं एकच बाई बसत होती, आणि कचेरीत तिला सगळे नावबाई म्हणत. देशभरातल्या गावांची, वाड्यांची, टेकड्यांची, ओढ्यांची नावं इंग्रजी यादीत कशी जावीत, हे ती ठरवायची. काम ऐकायला सोपं वाटे. नाव असेल तर जसंच्या तसं ठेवायचं, पहिलं अक्षर मोठं, सगळ्या नकाशांवर एकसारखं. नाव नसेल, नुसतं वर्णन असेल, तर साध्या लहान अक्षरांत भाषांतर. सगळी गोम एवढीच, की नाव कुठलं आणि वर्णन कुठलं हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तिच्या आधी या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांनी म्हातारीच्या टेकडीचं इंग्रजी भाषांतर करून ठेवलं होतं. पुढे कुणी परका माणूस ते इंग्रजी नाव घेऊन तिथं गेला, तर गावानं त्याला तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या घरी नेलं. ही गोष्ट ती नव्या लोकांना सांगायची तेव्हा ते हसायचे. आता नवे लोक येत नव्हते, आणि तीही दोन महिन्यांनी जाणार होती.

"बसा," ती म्हणाली. "काय काम आहे?"

"माझं घर हरवलंय, बाई."

"म्हणजे?"

"घर जागेवर आहे हो. सकाळीच कुलूप लावून आलोय. तुमच्या यादीत हरवलंय."

मग त्यानं सांगितलं. बायकोला दमा. दोन वर्षांत दोनदा रात्रंदिवस चालणाऱ्या त्या रुग्णवाहिकेच्या केंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, ठिकाणाचं नाव सांगा. सांगितलं. ती म्हणाली, हे यादीत नाही, यादीत असेल तरच माझ्या पडद्यावर रस्ता उमटतो, जवळची खूण सांगा. खूणही सांगितली. पहिल्यांदा गाडी पन्नास मिनिटांनी आली, ती शहराच्या दुसऱ्याच टोकाला फिरून.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा आलीच नाही. शेजाऱ्याचा भाजीचा टेंपो होता. कोबीच्या पोत्यांवर घालून नेली तिला. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं लावली असतीत तर निवांत आला असतात तरी चाललं असतं." तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "बाई, तिसऱ्यांदा काय होतं ते मला बघायचं नाहीये."

त्यानं पिशवीतून अर्ज काढला. बासष्ट सह्या. सोबत एका पाटीचा फोटो. निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत: सुवर्णप्रभात वसाहत.

"पाटी मीच रंगवली," तो म्हणाला. "इंग्रजी पुतण्यानं घातलं. मोठी अक्षरं बरोबर आहेत ना?"

"अक्षरं बरोबर आहेत. हे नाव कधीपासून आहे?"

"दिवाळी... म्हणजे, सभा झाली ना आमची. तेव्हापासून."

"सभा कधी झाली?"

"गेल्या रविवारी."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. तिनं तिकडे बघितलं नाही. "त्याच्या आधी काय म्हणत होता तुम्ही?"

"लोक म्हणतात काहीतरी. लोकांना काय, जीभ आहे."

"तेच विचारतेय."

कंडक्टरनं पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला आणि सोडला. "गिरणीमागं," तो म्हणाला. "पण हे काय नाव झालं का, बाई? एकतीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, कुठं उतरायचंय, कुठं उतरायचंय. कुणी सांगायचं बाग, कुणी सांगायचं चौक. आणि मला कुणी विचारलं कुठं राहता, तर मी सांगायचं, मागं राहतो! आणि ती गिरणीसुद्धा आता नाही. पाडून अकरा वर्षं झाली. कशाच्या मागं, तर कशाच्याच नाही."

तिनं ते नाव कागदावर लिहून घेतलं नाही. गरज नव्हती.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "तुम्ही जा आता."

तो गेल्यावर ती भिंतीकडच्या कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीच्या हंगामाचा गठ्ठा काढून घेऊन आली. दोरी इतकी कडक झाली होती की नखानं सुटेना, कात्रीनं कापावी लागली. त्या हंगामात तिच्याकडे एकशे चौदा वस्त्या होत्या. त्र्याण्णवावा कागद तिला हवा होता.

वस्तीचं नाव ठरवायची कचेरीची पद्धत फार जुनी होती. तीन घरं. एकमेकांना न लागून असलेली. तिन्हीकडे स्वतः जायचं, आणि आपण होऊन नाव उच्चारायचं नाही. तीनपैकी दोघांनी एकच सांगितलं तर ते नाव. नाहीतर वर्णन.

कागदावर तिचं तरुण, टोकदार अक्षर होतं. पहिलं घर: 'गिरणीमागं.' दुसरं घर: 'नाव असं काही नाही, गिरणीच्या मागची घरं म्हणतात.' तिसरं घर: 'नाव नाही.' निर्णय: वर्णन. खाली इंग्रजीत, लहान अक्षरांत, गिरणीमागची घरं. आणि कोपऱ्यात तिची सही.

त्याच्याखाली अकरा वर्षांपूर्वीचा शिक्का होता. गिरणी रद्द, सबब तिच्या आधारे दिलेलं वर्णन रद्द. त्याही शिक्क्यावर तिची सही होती. नियमच तसा होता. वर्णन ज्या वस्तूला टेकून उभं असतं ती वस्तू गेली की वर्णनही जातं. त्या आठवड्यात चारशे शिक्के मारले होते. त्यांतला हा एक.

शिक्क्याचं तिला काही वाटलं नाही. ती तिसऱ्या ओळीकडे बघत राहिली.

तिसरं घर चढावर होतं. दगडी पायऱ्या होत्या, पंचवीस-तीस तरी. त्या दिवसातली ती सहावी वस्ती होती आणि परतीची बस सुटायला आली होती. ती पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिली, वर बघितलं, आणि बस थांब्यावर जाऊन बाकावर बसली. तिथंच मांडीवर फळी ठेवून तिसरी ओळ भरली. वर कोण राहत होतं, ते काय म्हणालं असतं, आता कुणालाच कळणार नव्हतं. एक मत या बाजूला, एक त्या बाजूला. आणि निवाडा करणारं तिसरं तिनं स्वतःच दिलं होतं, दमल्यामुळे.

एवढंच होतं. कुणी आजारी नव्हतं, पाऊस नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. नुसतं दमायला झालं होतं.

*

घरी वन्संनी कणीक मळून ठेवली होती. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती आणि तिची ही थोरली नणंद दोघीच दोन खोल्यांत राहत होत्या. वन्सं चौऱ्याहत्तरच्या. पाय साथ देत नव्हते, जीभ मात्र दोघींचं काम एकटी करायची.

"आज चेहरा का असा?" वन्सं म्हणाल्या. "साहेबानं निरोपाच्या भाषणात तुझं नाव चुकवलं का?"

"निरोप दोन महिन्यांनी आहे, वन्सं."

"मग? गुडघा?"

तिनं सांगितलं. सगळं, बाकड्यापर्यंत. वन्संनी पोळी तव्यावर टाकली, फुगली तरी उलटली नाही.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मी शाळेत शिकवत होते तेव्हा अख्ख्या वर्गाच्या वह्या न वाचता बरोबरच्या खुणा केल्यात. कितीदा."

"तुमच्या खुणांनी कुणाची गाडी चुकली नाही."

"कशावरून? त्यातला एखादा गाडी चालवत असेल." वन्संनी पोळी उतरवली, एका बाजूनं काळी झाली होती, ती स्वतःच्या ताटात घेतली. "हे बघ, तुझ्या पायात आता चढायचा जोर नाही आणि डोक्यात भांडायचा नाही. तो अर्ज पुढच्या माणसाच्या टेबलावर सरकव आणि मोकळी हो. मी गॅलरीत दुसरी खुर्ची आणायला सांगितलीय. दोघी बसू."

"पुढच्या टेबलावर माणूसच नाही. माझी जागा भरणार नाहीयेत."

"मग तर प्रश्नच मिटला," वन्सं म्हणाल्या. पण पुढची पोळीही त्यांनी तव्यावर काळी होऊ दिली.

*

गुरुवारी सकाळी कंडक्टर थांब्यावर वाट बघत होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. बस थांबायच्या आतच त्यानं "सावकाश, सावकाश, उजवा पाय आधी" असं सुरू केलं.

गिरणी खरंच नव्हती. जिथं होती तिथं मोकळं मैदान, एका कडेला चिमणीचा विटांचा गोल बुंधा तेवढा उरलेला, पसरट, कुणीतरी त्यावर गाद्या वाळत घातल्या होत्या. मैदान ओलांडलं की घरं. आणि पहिल्या घरावर ती निळी पाटी.

पहिल्या घरातून एक बाई आली. हात पुसले, कपडे सारखे केले, आणि नावबाईनं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सुवर्णप्रभात वसाहत. इंग्रजीतपण सांगू?"

"नको."

"पाठ केलंय हो."

दुसऱ्या घरात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते. त्यांना तिनं विचारलं, "या जागेला काय म्हणतात?"

"सुवर्ण..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. "सुवर्ण काय रे?"

"प्रभात, काका, प्रभात!" मागून कंडक्टरचा आवाज आला.

"हां. प्रभात. सकाळी सकाळी विसरायला होतं."

ती बाहेर येऊन ओट्यावर बसली. पिशवीतून कागद काढला, पहिल्या दोन ओळींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं: पढवलेलं उत्तर. बाद.

कंडक्टर वाकून बघत होता. "बाद? का बाद? दोघांनी एकच सांगितलं ना? तुम्हाला दोनच लागतात!"

"तुम्ही शिकवलंत त्यांना."

"मग? चुकीचं शिकवलं का? घरोघर फिरलो मी चार दिवस. बायकोच्या दम्याचे पंप आणायचे सोडून फिरलो. म्हटलं, सरकारी माणसं येतील, एका सुरात बोला, कुणी गडबड करू नका." त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "म्हणजे मीच घाण केली?"

तिला त्याच्यावर रागवायचंही त्राण नव्हतं. "तिकीट तपासायला अधिकारी चढला," ती म्हणाली, "आणि बसमधल्या सगळ्या माणसांनी एका सुरात सांगितलं की आम्ही तिकीट काढलंय, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

कंडक्टरनं इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढली. "उतरवला असता एकेकाला," तो म्हणाला.

"तुम्ही घरी जा. मी थोडा वेळ इथं बसते."

"बसून काय करणार?"

"ऐकणार."

कचेरीच्या जुन्या पुस्तिकेत एक परिच्छेद होता, जो तिच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नव्हता. विचारून मिळालेल्या उत्तरापेक्षा, विचारणारा आहे हे माहीत नसताना कानावर पडलेलं नाव अधिक ग्राह्य धरावं. हे फार सावकाश काम असतं म्हणून कुणी करत नसे.

ती बसून राहिली. ऊन ओट्याच्या एका फरशीवरून दुसरीवर सरकलं. समोर नळावर एक बाई बादली भरत होती. माणसं एकमेकांना हाका मारत होती, पण आपण कुठं आहोत हे कोण कुणाला सांगतंय? घरात राहणारा माणूस घराचं नाव घेत नाही. एक तास गेला. कंबर धरली. तिला गॅलरीतली खुर्ची आठवली, आणि असं वाटलं की आत्ता उठून थांब्यावर जावं. थांबा दिसतही होता. बाक बदललं होतं, लोखंडी झालं होतं.

मग नळावरच्या बाईचा फोन वाजला. तिनं ओला हात कमरेला पुसला.

"हो, मशीन आमचंच बिघडलंय. अहो किती वेळ झाला, कुठं आहात तुम्ही? ... नाही, नाही, गिरणी शोधू नका! गिरणी नाहीये. पाडली ती. तुम्ही नुसतं गिरणीमागं विचारा, कुणीही सांगेल. ... अहो, गिरणी नसली म्हणून काय झालं? आम्ही आहोत ना गिरणीमागं!"

नावबाईनं ते शब्दशः लिहून घेतलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की अठ्ठावीस वर्षांत इतका स्वच्छ पुरावा तिला कधी मिळाला नव्हता. वर्णन असतं तर त्याला गिरणी लागली असती. गिरणी काढून घेतली तरी शब्द उभा होता, आणि माणसं त्याच्या आधारानं रस्ता सांगत होती. म्हणजे ते नाव होतं. वस्तू वजा केल्यावर जे उरतं, ते.

दुसरं तिला मैदानात मिळालं. चेंडू खेळणाऱ्या पोरींमध्ये भांडण लागलं होतं. "गिरणीमागंच्या पहिल्या!" एक ओरडत होती. "पूलवाल्या मागच्या वेळी पहिल्या होत्या, आज गिरणीमागंच्या!" तिनं तेही लिहिलं, वेळ घालून.

दोन झाले होते. नियमाला दोन पुरत होते. तिनं टोपण लावलं, कागद पिशवीत ठेवला आणि उठली, तेव्हा समोर त्या पायऱ्या होत्या.

एकोणतीस निघाल्या. दर सात-आठ पायऱ्यांवर ती थांबत होती. गुडघ्यात काहीतरी आपापसात घासत होतं. वर पोचली तेव्हा दार उघडंच होतं, आणि दारात कंडक्टर.

"तुम्ही इथं राहता?" तिनं विचारलं.

"अकरा वर्षं. गिरणीची नुकसानभरपाई न घेता आमच्या आधीचे लोक गाव सोडून गेले, त्यांच्याकडून घेतलं. त्याआधी खाली, नळाजवळ होतो. का?"

"काही नाही. पाणी द्या."

आत त्याची बायको पलंगावर उशांना टेकून बसली होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची, बोलताना दर चार शब्दांनी श्वास घेणारी. नवऱ्यानं पाणी आणायच्या आत तिनंच तांब्या पुढे केला.

"मलाही पाठ करायला लावलंय," ती म्हणाली. "म्हणून दाखवू?"

"नको," नावबाई म्हणाली. "बसायला आले मी. दमले."

"मी पण. रोजच." ती हसली, आणि हसण्यानं तिला खोकला आला. तो ओसरल्यावर ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "यांना लाज वाटते गिरणीमागंची. मला नाही वाटत. सून म्हणून आले तेव्हा गाडीवानाला सासऱ्यांनी सांगितलं होतं, गिरणीमागं घे. तेव्हापासून माझं तेच. पहिल्यांदा अटॅक आला ना, हे बाहेर गेले होते. फोन मीच केला होता." तिनं श्वास घेतला. "छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. त्यात ती मुलगी विचारते, ठिकाण. तोंडातून जे निघालं ते निघालं. गिरणीमागं. आता तुम्ही ते सुवर्ण काय ते लावलंत, तर तेवढ्या दमात मी आधी पाठांतर आठवू, का श्वास घेऊ?"

कंडक्टर दाराशीच होता. त्यानं अंगठ्यावरचा निळा डाग नखानं खरवडला.

"पाटीचा रंग पक्का आहे," तो म्हणाला. "घासून निघायचा नाही."

"उलटी करून लावा," बायको म्हणाली.

*

शुक्रवारी तीन वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, स्वभावानं भले, आणि भल्या माणसाला कटकट जितकी नको असते तितकी त्यांना नको होती. त्यांनी कागद वाचले, शांतपणे.

"छान काम केलंत," ते म्हणाले. "नवी वस्ती म्हणून टाका. पुढच्या आवृत्तीत घेऊ."

"पुढची आवृत्ती दोन वर्षांनी आहे."

"नव्या नोंदी गेल्या महिन्यातच बंद झाल्या ना. आता काय करणार?"

"दुरुस्त्या आज पाचपर्यंत चालू आहेत."

"दुरुस्ती टाकायची तर आधीची नोंद चुकली असं लिहावं लागतं. कुणाची चूक, कशी झाली, तेही लिहावं लागतं."

"माझी. लिहिलंय. शेवटचा कागद बघा."

साहेबांनी शेवटचा कागद बघितला. मग चष्मा काढला. "बाई, हे असं कशाला लिहायचं? एकोणीस वर्षं झाली. लिहा, ऐकण्यात गफलत झाली. संपलं."

"ऐकण्यात गफलत व्हायला ऐकावं लागतं. मी गेलेच नव्हते त्या घरी."

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुम्हाला कळतंय का, पुढे काय होईल? न जाता उत्तर भरलं, हे एकदा कागदावर आलं, की त्या हंगामातली तुमची सगळी पत्रकं संशयात येतात. एकशे किती?"

"चौदा. हे धरून."

"एकशे तेरा वस्त्या पुन्हा तपासाव्या लागतील. माणूस कुठाय माझ्याकडे? तुम्हालाच कराव्या लागतील. ते होईपर्यंत मला तुमच्या कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करता येणार नाही. सहा महिने जातील. वर्षही जाईल. या गुडघ्यानं." मग हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू? बाकीच्या ठिकाणी गेला होतात ना?"

तिनं विचार केला. उत्तर द्यायची घाई नव्हती; अजून दोन तास होते.

"गेले होते असं वाटतं," ती म्हणाली. "पण परवा दुपारपर्यंत मला इथंही गेले होते असंच वाटत होतं."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला त्यांच्याकडून काहीच नको होतं, सहीखेरीज. आणि बसायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"बसा आधी," साहेब म्हणाले, आणि सही केली.

नोंद यादीत चढवायला चार वाजून गेले. वस्ती. गिरणीमागं. इंग्रजीत भाषांतर नाही. नाव होतं तसंच, पहिलं अक्षर मोठं. पूर्वीचं वर्णन रद्द. पावणेपाचला तिनं रुग्णवाहिकेच्या केंद्राला फोन लावला.

"ठिकाण सांगा," एक कंटाळलेला मुलीचा आवाज म्हणाला.

"गिरणीमागं."

बटणं वाजली. "हो, आहे. दिसतंय. मैदानाच्या पलीकडे, चढावर. रस्ता येतोय. किती पेशंट आहेत? गाडी पाठवू का?"

"नको," ती म्हणाली. "गाडी नकोय. नुसतं बघायचं होतं."

"मॅडम, हा नंबर बघण्यासाठी नसतो," आवाज म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

मग तिनं कंडक्टरला फोन केला. बायकोनं उचलला. चांगलं झालं, म्हणाली; हे पाटी काढताहेत, शिडीवर आहेत, खाली आले की सांगते. आणि श्वास घेऊन म्हणाली, "तुम्ही घरी जा आता. आवाज दमलाय तुमचा."

पाच वाजले. यादी बंद झाली. खोलीतले चौघं डबे आवरून, दिवे अर्धे मालवून गेले. जाताना एकानं तिच्या टेबलावर साहेबांकडून आलेलं पत्र ठेवलं. चौकशीचं होतं, नम्र भाषेतलं. तिनं ते वाचलं आणि वन्संना फोन करून सांगितलं की खुर्चीची घाई करू नका. वन्संनी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, माहीत नाही. वन्सं म्हणाल्या, "बरं. मग येताना त्या गुडघ्याचं तेल घेऊन ये. मोठी बाटली."

उठायच्या आधी तिनं गठ्ठा पुढे ओढला आणि वरचा पहिला कागद काढला. नदीकाठची एक वस्ती. तीन घरं, तीन उत्तरं, सगळं तिच्याच अक्षरात. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती त्या घराचं दार आठवायचा प्रयत्न करत राहिली.